धाऊबाबाचा ढोल आणि दोन खिशांची कंपनी

१

धाऊ पादीरचा ढोल विमानाने घरी आला, आणि फाटून आला.

चाफेटेपाच्या वाडीत तोवर विमानाने काहीच आलेलं नव्हतं. त्यामुळे उतरवून घ्यायला सगळी वाडी रस्त्यापर्यंत खाली आली होती. गोधडीत गुंडाळलेलं ते भलंमोठं गाठोडं टेंपोतून काढून वाजतगाजत अंगणात नेलं. दोरी काही केल्या सुटेना, तेव्हा धाऊच्या बायकोने, चिमाने, कोयत्याने ती कापली. गोधडी बाजूला झाली आणि बायांचं गाणं तोंडातच राहिलं. ढोलाचं एका बाजूचं कातडं मधोमध फाटून लोंबत होतं.

हे सगळं चिमाने भिवपुरीला सुरेखा गायकरांच्या ओट्यावर बसून सांगितलं. बोरांची पाटी समोर होती आणि पदर डोळ्यांना. सुरेखाबाईंनी बोर तोंडात टाकायला उचललेला हात तसाच धरला. जन्मभर त्यांनी विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी केली होती. बोरघाटात कुठला ट्रक आपणहून दरीत गेला आणि कुठल्याला लोटून दिला, खोपोलीत कुठलं गोदाम जळलं आणि कुठलं जाळलं, हे त्यांना नुसत्या वासावर समजायचं. निवृत्त झाल्यापासून मात्र घरात कपाचा कान कुणी तोडला एवढंच शोधायला उरलं होतं, आणि तो दर वेळी त्यांच्या यजमानांनी, किशोररावांनी, तोडलेला निघायचा. त्यात काही मजा नव्हती.

"फाटलं तर नवं कातडं चढवा ना चिमाताई," सुरेखाबाई म्हणाल्या.

"तसं नाय चढत, बाई. ज्याच्या हातानं फाटला त्यानं वाडीत यायचं, ढोलावर हात ठेवायचा आन् चारचौघांत बोलायचं का मी फाडला. मगच नवं कातडं. तवर ढोल मुका."

"आणि वाजवणाऱ्याच्याच हातून फाटला असेल तर?"

चिमाने पदर खाली घेतला. "मंग ढोल त्या घरातनं जातो. ह्यांच्या बापानं खोड कोरून केलेला हाय तो. शिमगा आला तोंडावर. लोकं म्हंत्यात धाऊनंच पाडला, निघायच्या आदल्या सांजेला प्यालेला व्हता. ह्ये म्हंत्यात, प्यालो व्हतो, पण पाडला नाय, खोटा हात मी ठेवायचा नाय. दोन दिस झालं, भाकर उष्टावली नाय त्यांनी."

"मग वाडीचा त्यांच्यावर विश्वास का नाही?"

"त्ये एक भलतंच बोलत्यात ना," चिमाने आवाज खाली आणला. "म्हंत्यात, इमानात बसलेलो आन् पायाखाली माझाच ढोल वाजत व्हता."

सुरेखाबाईंनी बोर पाटीत परत टाकलं आणि घरात हाक मारली, "अहो, स्कूटर काढा."

२

कशेळ्यापासून वर चढून वाडीत पोचेपर्यंत किशोररावांच्या स्कूटरने आणि सुरेखाबाईंच्या गुडघ्यांनी आळीपाळीने कुरकुर केली. अंगणात ढोल ठेवला होता आणि त्याच्याकडे पाठ करून धाऊबाबा बसले होते. नाचाच्या पथकाचा म्होरक्या हिरामण निरगुडा, धाऊबाबांचा भाचा, पुढे झाला.

हिरामणने प्रवास सांगितला. भोपाळला लोककलांचा मोठा महोत्सव होता. जाताना रेल्वेने गेले. नाच तिथल्या लोकांना इतका आवडला की आयोजकांनी परतीला विमानाची तिकिटं काढून दिली. विमानतळावर तपासणीवाल्यांनी गोधडी उघडायला लावली. सगळं धड होतं, हिरामणने स्वतः पाहिलं होतं. मग धाऊबाबांनी पुन्हा गुंडाळून बांधलं आणि ढोल विमानाच्या पोटात गेला.

"म्हणजे तिथे तो शाबूत होता. मग बाबांनी तो आदल्या सांजेला कसा पाडला?"

हिरामण गडबडला. "आदल्या नाय, लोकं म्हंत्यात उतरल्यावर पाडला आसंल. आदल्या सांजेची उतरली नव्हती ना त्यांची."

"पाडताना कुणी पाहिलं?"

कुणीच पाहिलं नव्हतं. मुंबईला गाठोडं हातात मिळालं ते थेट टेंपोत चढलं, आणि कशेळ्यापर्यंत धाऊबाबा त्याला मिठी मारून आडवे झालेले होते. त्यांच्या उशाशी पथकातला दुसरा ढोलवाला, पोपट, बसला होता.

सुरेखाबाईंनी आधी गोधडी मागितली. उन्हात धरून पाहिली. एक टाका उसवला नव्हता. मग दोरी मागितली. चिमाने कापलेली दोरी जपून ठेवली होती, गाठीसकट.

"बाबा, तुम्ही कशी गाठ मारता ते दाखवा बरं."

धाऊबाबांनी दुसरी दोरी घेतली, पायाशी पडलेल्या लाकडाच्या फाट्यांभोवती फिरवली आणि भाऱ्याची गाठ मारली. एक टोक ओढलं की भारा मोकळा. लाकडं डोक्यावरून उतरवली की घाईत सोडता यावीत, म्हणून इथे सगळे अशीच बांधतात. चिमाने कापलेली गाठ मात्र एकावर एक आवळून दगडासारखी झाली होती.

"ही गाठ या वाडीतली नव्हे," सुरेखाबाई म्हणाल्या. "बाबा, विमानात काय ऐकलं तुम्ही?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. धाऊबाबांनी मान वळवलीसुद्धा नाही. "इमान जाग्यावर उभं व्हतं. लय येळ. पायाखाली माझा ढोल वाजला. माझा मी वळखतो."

"काय वाजलं?"

त्यांनी जवळची लाकडी पाटी ओढली आणि बोटांनी वाजवून दाखवलं. दोन जड, तीन हलके, मधेच लंगडल्यासारखी उडी. हा ताल डोंगरातला नव्हता. वरातीच्या बँडमधल्या कुणीतरी अर्धवट शिकलेला होता.

सुरेखाबाईंनी तो मनाशी दोनदा घोकला. मग त्या ढोलाजवळ बसल्या आणि फाटक्या कातड्यातून हात कोपरापर्यंत आत घातला. वाडी वाकून बघत राहिली. हात बाहेर आला तेव्हा चिमटीत बोटाच्या पेराएवढा केशरी तुकडा होता.

"गाजार," एक म्हातारी म्हणाली.

सुरेखाबाईंनी तो दाबला. तो चपटा झाला आणि सावकाश पुन्हा फुगला. असली वस्तू त्यांनी खोपोलीच्या कारखान्यांत पुष्कळ पाहिली होती. "कानात घालायचं बूच आहे हे. यंत्रांच्या आवाजाने कान जाऊ नयेत म्हणून कामगार घालतात. तुमच्यातलं कुणी कारखान्यात आहे का?"

सगळ्यांनी एकदम हिरामणकडे पाहिलं आणि हिरामणने जमिनीकडे.

"पोपट हाय," तो म्हणाला. "खोपोलीला. आन् मामाकडनं ढोल गेला, तर त्यो पोपटाच्याच घरी जायचाय."

३

पोपट पाळी संपवून कारखान्याच्या फाटकाबाहेर आला, तो समोर चहाच्या टपरीवर सुरेखाबाई बाकडं अडवून बसलेल्या. माणूस तिशीचा, अंगाने दणकट. हातातलं हेल्मेट त्याने मांडीवर ठेवलं आणि चहाला नको म्हणाला.

सुरेखाबाईंनी केशरी बूच टेबलावर ठेवलं. "तुझं का रे?"

पोपटने ते निरखून पाहिलं, खिशात हात घातला आणि आपलं काढून दाखवलं. निळं, रबरी, दोन बुचांना जोडणारी दोरी. "आमाला ही भेटत्यात. धुऊन धुऊन वापरायची. तुमचं त्ये वापरून फेकायचं हाय. तसलं आमच्याकडं नाय."

टपरीवरच्या आणखी दोघा कामगारांच्या गळ्यात तशीच निळी दोरी लोंबत होती. सुरेखाबाईंना मनातून जरा वाईटच वाटलं. संशयित हातचा गेला की त्यांना नेहमीच वाटायचं.

"धाऊबाबांवर आळ आलाय, तुला पटतं का?"

"मी काय बोलू. मोठं माणूस हाय."

"विमानात तू कुठे बसला होतास?"

"त्यांच्याच म्हागं."

"मग तुला ऐकू आला का ढोल?"

"नाय." उत्तर फार लवकर आलं. "इमानात कुठं ढोल ऐकू येतो? हसतील लोकं."

तो रस्त्याकडे बघत बसला. त्याचं मन दुसरीकडे गेलं आणि बोटं हेल्मेटवर आपली आपण चालू लागली. सुरेखाबाईंचा चहाचा पेला ओठांशीच थांबला. दोन जड, तीन हलके, मधेच लंगडल्यासारखी उडी.

त्यांनी चहा संपवला. पैसे देऊन स्कूटरवर बसल्यावर किशोररावांनी विचारलं, "काय निघालं?"

"ढोल त्याने फाडलेला नाही," सुरेखाबाई म्हणाल्या. "पण तो खोटं बोलतोय. आता कर्जतला चला."

४

कर्जतच्या बाजारपेठेत राजेश कडव यांचं टूर्सचं दुकान होतं. आयोजकांनी पथकाची तिकिटं त्यांच्याकडूनच काढून घेतली होती आणि टेंपोही त्यांच्याकडूनच ठरवला होता. ढोलाचं नाव काढताच राजेशभाऊंनी दोन्ही हात वर केले.

"ताई, माझा काय संबंध? मी फक्त तिकीट काढलं."

"टेंपो तुमचा होता."

"टेंपो नंदा ट्रान्सपोर्टचा. ती वेगळी संस्था आहे. मालक वेगळा."

"मालक कोण?"

राजेशभाऊ खाकरले. पडद्यामागून एक बाई चिवड्याची बशी घेऊन आली आणि म्हणाली, "मी. नंदा." बशी ठेवून ती नवऱ्याकडे वळली. "पोलिसांनी पकडला की टेंपो माझा. भाडं आलं की ह्यांचा. नाव माझं रंगवलंय, चावी ह्यांच्या खिशात. मला तर तो चालू करतात कसा हेही ठाऊक नाय."

राजेशभाऊ चिवडा खाऊ लागले. सुरेखाबाई नंदाकडे अतिशय प्रेमाने बघत होत्या.

टेंपोचा प्रश्न तसाही मिटला होता. ज्या गाठोड्याला मालक मिठी मारून झोपलाय ते वाटेत कुणी सोडू शकत नाही. सुरेखाबाईंना हवं होतं दुसरंच. "विमान कुणाचं होतं?"

"तिकीट गगनराज एअरवेजचं. विमानावर नाव टिटवी एअरचं. मी तक्रार केली ना ताई, नाही असं नाही. गगनराज म्हणतं, विमान आमचं नव्हतं, टिटवीला विचारा. टिटवी म्हणतं, तिकीट आम्ही विकलं नाही, गगनराजला विचारा. टिटवी ही गगनराजचीच उपकंपनी, शंभर टक्के मालकी. पण बोलताना एकमेकांना ओळख दाखवत नाहीत."

"गगनराजचं कोणी भेटण्यासारखं?"

"तक्रार विभागाचे प्रमुखच खालापूरला येतात की, सुट्टीला. विलास सबनीस. फार्महाऊस आहे त्यांचं. त्यांना तांदूळ मीच पोचवतो."

बाहेर आल्यावर किशोररावांनी दोन वडे घेतले आणि एक बायकोला दिला. "म्हणजे फाडला कुणी?" त्यांनी विचारलं.

"गोधडीला खरचटलंसुद्धा नाही, कातडं मात्र फाटलंय. म्हणजे फाटलं तेव्हा गोधडी काढलेली होती. नंतर कुणीतरी पुन्हा गुंडाळलं आणि त्याला भाऱ्याची गाठ येत नव्हती. हे झालं ढोल विमानवाल्यांच्या ताब्यात असताना. विमानाजवळ सामान चढवणारे लोक कानात बुचं घालतात, इंजिनाच्या आवाजामुळे."

"मग ते ढोलात कसं गेलं?"

"तुम्ही सांगा. कानातलं बूच माणूस कधी काढतो?"

किशोररावांनी वडा चावत विचार केला. बायकोचं बोलणं लांबलं की ते स्वतः कापूस घालायचे, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. "काही ऐकायचं असलं की," ते म्हणाले.

"बरोबर. विमान खोळंबलंय, हातात ढोल आलाय, आणि एकजण वाजवतोय. म्हणून दुसऱ्याने कानातलं काढून ढोलावरच ठेवलं. कातडं फाटलं तेव्हा ते आत पडलं." त्यांनी बोटं पुसली. "धाऊबाबांनी ऐकलं ते खरं होतं. आता फक्त एकच बघायचंय. चावी कुणाच्या खिशात आहे."

५

सबनीस साहेबांनी त्यांचं स्वागत अगदी आपुलकीने केलं. गोरेपान, हसरे, पायात घरातली चप्पल आणि अंगात इतक्या खिशांची अर्धी बंडी की मासे पकडायला निघालेत असं वाटावं. अंगणातून लांबवर घाटातला रस्ता दिसत होता. त्यांनी लिंबाचं सरबत मागवलं.

सुरेखाबाईंनी ढोलाचा विषयच काढला नाही. आपण विम्यातून निवृत्त झालो, आता फिरावं म्हणतो, असं सांगून त्यांनी टिटवी एअरची चौकशी केली. कंपनी लहान आहे म्हणे, भरवसा ठेवावा का?

"डोळे मिटून," सबनीस म्हणाले. "टिटवी म्हणजे आम्हीच. शंभर टक्के. विमानं आमची, वैमानिक आमच्याकडे शिकलेले, तिकीट आमच्याच काउंटरवर. आम्ही दोन कंपन्या मानतच नाही. एकच कुटुंब."

"किती छान," सुरेखाबाई म्हणाल्या आणि केशरी बूच सरबताच्या पेल्याशेजारी ठेवलं. "कुटुंबातल्याच कुणाचं तरी आहे. कशेळ्याजवळच्या वाडीतला एक ढोल टिटवीने फाडून दिला, त्यात सापडलं."

सबनीसांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस आत निघून गेला. "हां, ते. त्याचं कसं आहे मॅडम, टिटवी ही कायद्याने स्वतंत्र कंपनी आहे. तिच्या कामकाजाची जबाबदारी गगनराजवर येत नाही. तुम्ही टिटवीच्या तक्रार कक्षाला फोन करा. मी नंबर देतो, अगदी थेट प्रमुखाचा."

त्यांनी नंबर तोंडपाठ सांगितला. किशोररावांनी तो लावला आणि फोन टेबलावर ठेवला.

सबनीसांची बंडी वाजू लागली.

त्यांनी डावा खिसा दाबला. तो गप्प होता. वाजत होता उजवा. फोन वाजतच राहिला, तेव्हा सवयीचा गुलाम असलेल्या त्या माणसाने तो काढून कानाला लावला. "टिटवी एअर तक्रार कक्ष, आपल्याला काय मदत करू?"

"एका ढोलाविषयी बोलायचं होतं," किशोरराव आपल्या फोनमध्ये अदबीने म्हणाले. दोघांच्या मध्ये हातभर टेबल होतं.

"अतिरिक्त पदभार आहे," सबनीस फोन ठेवत पुटपुटले. "खर्च कमी करायचा म्हणून माझ्याकडेच दिलं."

"म्हणजे राजेशभाऊंना गगनराजकडून नाही म्हणालात ते तुम्ही, आणि टिटवीकडून नाही म्हणालात तेही तुम्हीच," सुरेखाबाई म्हणाल्या. "तिकीट विकणारा आणि विमान उडवणारा, दोघंही प्रवाशाला बांधील असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. इथे तर दोघं एकाच बंडीत आहेत."

"पण आमच्याच ताब्यात फाटला याला पुरावा काय? तुमचा तो म्हातारा प्यायलेला होता असं ऐकलं."

"ढोल विमानाखाली उघडला गेला आणि वाजवला गेला. आत बसलेल्या माणसाने ऐकलाय."

"अहो, खोळंबा होता, पोरं कंटाळली होती," सबनीस समजावणीच्या सुरात म्हणाले. "एकाचं लग्न ठरलं होतं. आता विमानाला खुणा करायच्या दांड्यांनी एवढं जाड कातडं फाटेल, हे त्या बिचाऱ्यांना..."

ते थांबले. दूर घाटात एका ट्रकने हॉर्न दिला.

"दांड्यांचं मी काही बोलले नव्हते," सुरेखाबाई म्हणाल्या. "लग्नाचंही नाही."

सबनीसांनी सरबताचा पेला उचलला, तो रिकामा होता, तरी प्यायले. मग उजव्या खिशातला फोन काढून त्यावरचा व्हिडिओ त्यांच्यासमोर धरला. टिटवीच्या मुलांनीच आपसांत फिरवला होता. विमानाच्या पंखाखाली धाऊबाबाचा ढोल, भोवती चार जण नाचताहेत, एकजण जाड दांड्यांनी बडवतोय. दोन जड, तीन हलके, लंगडी उडी. मग फाटल्याचा आवाज, आणि सगळे गप्प.

"त्यांच्या पोटावर पाय यायचा, म्हणून मी दाबून ठेवलं," ते म्हणाले. ते बहुधा निम्मं खरं होतं. "भरपाई देऊ. चांगली देऊ. वर मोफत प्रवासाची कूपनं."

"कूपनं राहू द्या. त्या मुलांनाही राहू द्या, त्यांच्या नोकऱ्या जाऊन ढोल वाजणार नाही. भरपाईचं नंतर बघू. आधी तुम्ही वाडीत यायचं आणि ढोलावर हात ठेवून सांगायचं."

"मी? मी तर तिथे नव्हतोच."

"तेच तर वाडीलाही बघायचंय," सुरेखाबाई म्हणाल्या, "की जो तिथे नव्हता पण ज्याचं सगळं आहे, तो हात ठेवतो का."

६

सबनीस आले. पांढऱ्या गाडीने कशेळ्यापर्यंत आणि पुढे पायी, शहरी बुटांना लाल माती लावत आले. अंगणात वाडी जमली होती. खोपोलीहून पोपटही आला होता, कडेला उभा होता. धाऊबाबा तसेच ढोलाकडे पाठ करून बसले होते.

आधी सुरेखाबाईंनी व्हिडिओ लावायला सांगितला. आवाज मोठा केला. तो ताल अंगणात वाजला तशी पाटीवरची धाऊबाबांची बोटं सगळ्यांना आठवली. मागच्या वेळी जो हसला होता तो आपले पाय न्याहाळू लागला. चिमा मात्र सगळ्यांकडे एकेक करून बघत होती, आणि ज्याच्याकडे बघेल तो नजर खाली घालत होता.

मग सबनीस ढोलाजवळ ओणवे झाले. उजवा हात ठेवला आणि घसा साफ केला. "टिटवी एअरच्या वतीने..."

"आन् तिकीट इकलं ती कंपनी?" हिरामणने विचारलं.

"ती वेगळी..." सबनीसांनी सुरेखाबाईंकडे पाहिलं आणि वाक्य गिळलं.

"दोन हायेत ना सायेब? मंग दोनी हात ठेवा."

सबनीसांनी डावा हातही ठेवला. असे दोन्ही हात टेकून ओणवे राहिल्यावर माणसाला फार वेळ लांबण लावता येत नाही. "ढोल आम्ही फाडला," ते म्हणाले. "धाऊबाबांनी नाही." त्याच वेळी त्यांच्या बंडीतला फोन वाजू लागला, आणि दोन्ही हात ढोलावर असल्यामुळे तो वाजत राहिला. अंगणात पहिल्यांदा हसू फुटलं. सबनीसांनाही फुटलं.

सुरेखाबाईंचं काम खरं म्हणजे इथे संपलं होतं. पण त्या उठल्या नाहीत. त्या पोपटकडे बघत नव्हत्या, मुद्दाम. खोपोलीत हेल्मेटवर वाजलेल्या तालाचं त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, अगदी किशोररावांनाही नाही. नुकसान कुणी केलं ते शोधणं त्यांचं काम होतं. ते बघून गप्प कोण राहिलं, हे ज्याचं त्याने सांगायचं असतं.

सबनीसांनी हात काढले. अंगण मोकळं होऊ लागलं, आणि पोपट पुढे आला. तो ढोलाजवळ गेला आणि त्याने फाटक्या बाजूवर हात ठेवला.

"मीपण ऐकला व्हता," तो म्हणाला. "इमानात. समदं ऐकलं. फाटल्याचंबी. बाबाला समदे येडा म्हनत व्हते आन् मी बोललो नाय. म्हनलं, ढोल माझ्याकडं येईल."

चिमाच्या ओठांवर शिवी आलेली दिसली, पण ती नवऱ्याकडे बघून थांबली. धाऊबाबा पहिल्यांदा वळले. ढोलाकडे नाही, पोपटकडे.

"ठावं हाय," ते म्हणाले.

"काय ठावं हाय?"

"टेंपोत माझ्या उशाला बसलेलास. गोधडीवर बोटं वाजवत व्हतास. त्योच ताल. मी काय झोपलेलो नव्हतो."

पोपटचा हात ढोलावरच राहिला. "मंग बोलला का नाय तुमी? इतकं समदे बोलले तुमाला. भाकर सोडलीत."

"तू बोलशील म्हनून थांबलो," धाऊबाबा म्हणाले. "मी बोललो आसतो, तर ढोल ऱ्हायला आसता, पन तू गेला आसतास."

पोपट खाली बसला आणि त्याने गुडघ्यांत तोंड घातलं. सुरेखाबाईंना एकाएकी चष्मा पुसावासा वाटला. किशोररावांनी त्यांना रुमाल दिला आणि आपलं तोंड दुसरीकडे केलं.

धाऊबाबांनी चिमाकडे भाकर मागितली. ती आणायला गेली तोवर त्यांनी ढोल ओढून दोघांच्या मध्ये घेतला, फाटकी बाजू पोपटकडे आणि धड बाजू आपल्याकडे.

"कातडं ह्या सायबाच्या पैक्यानं येईल, पन चढवायचं तू," ते म्हणाले. "शिमग्याला त्या बाजूला तूच बस. आन् त्यो लंगडा ताल तेवढा इसर रं, लय वाईट व्हता."